तेलाचा भाव सरासरीवर परत येतो, खर्च येत नाही

प्रश्न असा होता: "तेल विकून जगणाऱ्या देशाला भाव चढला की फायदा, पडला की तोटा. दहा-पंधरा वर्षांचा एकत्र हिशेब केला तर चांगली वर्षं वाईट वर्षांची भरपाई करतातच. मग भाव नुसता खालीवर झाल्याने एवढी पडझड का होते? आणि नॉर्वेला जे जमलं ते नायजेरिया किंवा व्हेनेझुएलाला का जमत नाही?"

तेलाच्या महसुलाचे अंदाज बांधणं आणि ते चुकल्यावर अर्थसंकल्पाची डागडुजी करणं, या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. भाव पडल्यावर जे नुकसान दिसतं, त्यातलं बरंचसं भाव चढलेला असतानाच होऊन गेलेलं असतं. त्या काळात सरकार पगार वाढवतं, अनुदानं जाहीर करतं, धरणं-महामार्ग-विमानतळ सुरू करतं आणि कर्ज काढतं. भाव उतरला की यातलं काहीच उतरत नाही. तुमच्या सरासरीत उत्पन्नाची बाजू आहे, खर्चाची नाही.

उत्पन्नाचंच आधी पाहू, कारण तिथेही सरासरी फसवते. समजा एक देश रोज १० लाख पिंपं तेल काढतो आणि एक पिंप काढून जहाजावर चढवायला २५ डॉलर खर्च येतो. भाव १०० डॉलर असताना पिंपामागे ७५ डॉलर उरतात, म्हणजे वर्षाला सुमारे २७ अब्ज डॉलर. भाव ५० झाला की उरतात २५, म्हणजे वर्षाला ९ अब्ज. बातमीत "तेल निम्म्यावर" असं येतं, पण देशाच्या हाती पूर्वीचा एक तृतीयांश राहिलेला असतो. उत्पादनखर्च जितका जास्त, तितका हा फटका मोठा. म्हणून खोल समुद्रातून तेल काढणारा अंगोला आणि वाळवंटातून स्वस्तात काढणारा कुवेत यांना भावातली तीच घसरण सारखी लागत नाही.

करारांमुळे यात आणखी भर पडते. उत्पादन-वाटपाच्या करारात परदेशी कंपनी आधी आपला खर्च तेलाच्या रूपात वसूल करते आणि उरलेलं तेल सरकार व कंपनी वाटून घेतात. भाव पडला की तोच खर्च भागवायला जास्त पिंपं लागतात, त्यामुळे सरकारच्या वाट्याची पिंपंसुद्धा कमी होतात. म्हणजे भावही कमी आणि वाटाही कमी. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी हे करार वाचलेले असतीलच असं गृहीत धरू नका. ते बहुधा तेल मंत्रालयाच्या कपाटात असतात आणि दोन मंत्रालयांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

शिवाय पैसे उशिरा येतात. मालाचं बिल साधारणपणे जहाज भरल्याच्या तारखेनंतर तीस दिवसांनी चुकतं होतं, कंपन्यांचा कर त्याहूनही मागाहून येतो. बाजारात भाव कोसळून दोन-तीन महिने झाले तरी तिजोरीत जुन्या भावाचे पैसे येत असतात. अर्थमंत्री "आपल्यावर परिणाम झालेला नाही" असं सांगतात ते बहुधा याच काळात, आणि त्यांच्यासमोरचे आकडे खरेच असतात. २०१५ च्या अर्थसंकल्पासाठी नायजेरियाने तेलाचा भाव आधी ७८ डॉलर धरला होता, मग ७३, मग ६५, आणि शेवटी मंजूर झाला तो ५३ वर. प्रत्येक वेळी "आता यापेक्षा खाली जाणार नाही" असा युक्तिवाद झाला असणार. मी असे युक्तिवाद इतके ऐकले आहेत की ते कोण, कधी करतं हे न पाहताही सांगू शकतो. प्रत्यक्षात जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट तेल (ज्याचा भाव जगभर मापदंड मानतात) ३० डॉलरच्याही खाली गेलं. दीड वर्षापूर्वी, जून २०१४ मध्ये, ते ११५ च्या आसपास होतं.

आता खर्चाची बाजू. इथे दोन देशांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवायला मला आवडतं, कारण नॉर्वेशी तुलना करणं नायजेरियावर अन्याय आहे. तुलना करायची तर इंडोनेशियाशी करावी. १९७० च्या सुमारास दोन्ही देश गरीब, लोकसंख्येने मोठे, शेतीवर जगणारे होते. दोन्हीकडे नुकताच रक्तपात होऊन गेला होता आणि सत्ता लष्कराच्या हाती होती. दोघांच्याही हाती एकाच वेळी घबाड लागलं: अरब देशांनी १९७३ मध्ये केलेल्या तेलबंदीनंतर काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ च्या घरात गेला.

नायजेरियाने काय केलं? सरकारी नोकरांसाठी नेमलेल्या उडोजी आयोगाच्या शिफारशींनुसार १९७४-७५ मध्ये सरकारी पगार एका फटक्यात प्रचंड वाढवले. खाजगी क्षेत्रातल्या संघटनांनीही मग तेवढंच मागितलं. बांधकामांसाठी सरकारने सुमारे २ कोटी टन सिमेंट परदेशातून मागवलं. लागोसच्या बंदराची क्षमता त्याच्या एका छोट्या अंशाइतकी होती. १९७५ मध्ये बंदराबाहेर शेकडो जहाजं रांगेत उभी राहिली. ती उभी राहिल्याबद्दल सरकारला विलंबशुल्क भरावं लागलं, त्यामुळे काही मालकांनी जुनी, मोडकळीला आलेली जहाजं त्या शुल्कासाठीच पाठवली, आणि वाट पाहता पाहता बरंच सिमेंट जहाजातच दगड झालं. लोक हा किस्सा भ्रष्टाचाराचा म्हणून सांगतात. भ्रष्टाचार होताच. पण मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पैसा एका वर्षात चौपट होऊ शकतो. बंदर, अभियंते, प्रकल्प तपासणारे अधिकारी चौपट होत नाहीत. ज्या वेगाने पैसा येतो त्या वेगाने तो खर्च करायचा ठरवला की तो वाया जाणारच, मग सरकार कितीही सचोटीचं असो.

दरम्यान शेती मागे पडत होती. कानो शहरातल्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे, पाम तेल, कोको ही नायजेरियाची निर्यात होती. तेलाचे डॉलर देशात खर्च होऊ लागले की घरं, मजुरी, वाहतूक, म्हणजे जे बाहेरून आणता येत नाही ते सगळं महाग होतं. आयात मात्र स्वस्त पडते, कारण चलन वधारलेलं असतं. शेतकऱ्याची मजुरी शहराच्या भावाने आणि त्याच्या मालाची किंमत जागतिक बाजाराच्या भावाने, अशा कात्रीत तो सापडतो. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगेनला वायू सापडल्यावर तिथल्या कारखानदारीचं हेच झालं, म्हणून याला डच डिसीज म्हणतात. नेदरलँड्सकडे सावरायला इतर उद्योग होते. नायजेरियात शेतकरी लागोसला निघून गेला आणि त्याच्या मागे भुईमुगाची बाजारव्यवस्थाही मोडली. तेलाचा भाव उतरल्यावर तो गावी परतला नाही. इथे तुमच्या सरासरीचा हिशेब पुरता कोसळतो. चांगल्या वर्षांत मोडलेली निर्यात वाईट वर्षांत आपोआप उभी राहत नाही.

इंडोनेशियातही भ्रष्टाचार काही कमी नव्हता. सरकारी तेल कंपनी पर्टामिना १९७५ मध्ये कर्जाच्या डोंगराखाली कोसळली, आणि मला वाटतं ते देशाच्या पथ्यावरच पडलं. भाव चढलेला असतानाच धक्का बसल्यामुळे अर्थखात्यातल्या मंडळींच्या हाती लगाम आला. तेलाचा पैसा खतकारखाने, कालवे, भाताची सुधारित बियाणं, खेड्यातल्या शाळा यांत गेला. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांनी जे केलं ते तेल निर्यातदार देश क्वचितच करतात: परकीय चलनाची चणचण नसताना रुपियाचं मोठं अवमूल्यन, डॉलर ४१५ वरून ६२५ रुपियांना. हेतू हाच, की तेलामुळे वधारलेल्या चलनाखाली शेतकरी आणि छोटा कारखानदार चिरडला जाऊ नये. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. १९८६ मध्ये तेल १० डॉलरच्या आसपास आलं तेव्हा त्यांनी पुन्हा अवमूल्यन केलं आणि कापड, पादत्राणं, प्लायवूड यांची निर्यात वाढवली. त्याच काळात नायजेरियाने आपल्या चलनाचा, नायराचा, दर कृत्रिमपणे वर धरून ठेवला होता, आयात परवान्यांचा बाजार मांडला होता, १९८३ च्या सुरुवातीला लाखो घानावासीयांना आणि इतर परदेशी कामगारांना हाकलून दिलं होतं आणि वर्ष संपता संपता लष्करी बंड पाहिलं होतं. दोन्ही देशांनी तेलाचा तोच भाव पाहिला होता.

कर्जाबद्दल थोडक्यात. भाव चढलेला असतो तेव्हा बँका कर्ज घेऊन दाराशी उभ्या असतात, पडला की त्याच बँका फोन उचलत नाहीत. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परतफेड जमणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा तो काही तेल आयात करून बुडालेला देश नव्हता. नव्याने सापडलेल्या तेलाच्या भरवशावर त्याने कर्ज उचललं होतं. तेलाच्याच तारणावर घेतलेलं कर्ज त्याहून वाईट. अंगोलाने चीनकडून असं बरंच कर्ज घेतलं. भाव निम्मा झाला की तोच हप्ता फेडायला दुप्पट जहाजं द्यावी लागतात, आणि तिजोरीसाठी विकायला उरलेलं तेल नेमकं गरज असताना आटतं.

भाव कोसळल्यावर पहिला मोठा निर्णय असतो चलनाचा. इथे मी सविस्तर लिहितो, कारण सर्वांत महागडी चालढकल इथेच होते.

रशियाचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये रशियन तेलाचा सरासरी भाव १०८ डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर सुमारे ३२ रुबलला. २०१५ मध्ये तेल ५१ च्या आसपास, डॉलर सुमारे ६१ रुबलला. गुणाकार करून पाहा: पिंपामागे ३,४५० रुबल आणि ३,१०० रुबल. डॉलरमध्ये तेल निम्म्याहून खाली, रुबलमध्ये जेमतेम दहा टक्के कमी. सरकार पगार आणि पेन्शन रुबलमध्ये देतं, त्यामुळे अर्थसंकल्प तगला. फुकट काहीच मिळालं नाही. १६ डिसेंबर २०१४ च्या मध्यरात्री मध्यवर्ती बँकेने व्याजदर १०.५ वरून १७ टक्क्यांवर नेला, पुढच्या वर्षी महागाई १५ टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि तिजोरीवरचा बोजा अशा रीतीने घरोघरी वाटला गेला. तरीही हा धक्का एकदाच बसला, आणि सगळ्यांना दिसला.

नायजेरियाने त्याच वेळी उलट वाट धरली. नायरा डॉलरला १९७ वर बांधून ठेवला आणि जून २०१५ मध्ये ४१ प्रकारच्या वस्तूंच्या आयातीसाठी बँकांतून डॉलर देणं बंद केलं. यादीत तांदूळ होता, सिमेंट होतं, खाजगी विमानं होती आणि दात कोरायच्या काड्याही होत्या. २०१६ च्या सुरुवातीला रस्त्यावरच्या बाजारात डॉलर ३०० नायरांच्या वर गेला होता. सरकारी दर आणि बाजारचा दर यांत शंभर नायरांचा फरक असेल तर ज्याची बँकेत ओळख आहे त्याला कारखाना चालवायची गरज काय? स्वस्तात डॉलर मिळवायचा आणि महागात विकायचा, याहून चांगला धंदा देशात उरत नाही. ज्या कारखान्यांना कच्चा माल हवा होता त्यांना डॉलर मिळेना. परदेशी गुंतवणूकदार थांबून राहिले, कारण आज ना उद्या अवमूल्यन होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. उद्या स्वस्त मिळणाऱ्या नायरासाठी आज कोण डॉलर आणील? जून २०१६ मध्ये दर सोडावा लागलाच, लगेच तो २८० च्या आसपास गेला. त्या वर्षी अर्थव्यवस्था दीड टक्क्याहून थोडी जास्त आकुंचन पावली, पाव शतकात प्रथमच. नायजर नदीच्या मुखाकडच्या तेलपट्ट्यातल्या पाइपलाइनींवरचे हल्ले हेही त्याचं कारण होतं, सगळा दोष चलनाला देणं योग्य नाही. पण ते वर्ष-सव्वा वर्ष निव्वळ वाया गेलं असं माझं मत आहे.

म्हणजे दर सोडून देणं हाच एकमेव मार्ग का? नाही. सौदी अरेबियाने १९८६ पासून रियाल डॉलरला ३.७५ वर बांधला आहे, तो २०१५ च्या घसरणीतही सोडला नाही, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. तेलाशिवाय त्यांची निर्यात फार नाही, त्यामुळे स्वस्त चलनाचा लाभ घेणारं कोणी नाही, आणि कामगारांपासून गव्हापर्यंत सगळं बाहेरून येतं. पण बांधलेला दर टिकवायचा तर दुसरीकडे चटका सोसावा लागतो. परकीय चलनाची गंगाजळी २०१४ मधल्या ७०० अब्ज डॉलरच्या वरून तीन वर्षांत ५०० अब्जांच्या आसपास उतरली. २०१५ ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के होती. कंत्राटदारांची बिलं रखडली आणि त्यांच्याकडच्या हजारो परदेशी मजुरांचे पगार थकले. जानेवारी २०१८ मध्ये ५ टक्के मूल्यवर्धित कर आला, जुलै २०२० मध्ये तो थेट १५ टक्के झाला. ज्याच्याकडे ७०० अब्ज नाहीत त्याने सौदीचं उदाहरण देऊ नये. इराकने २०२० मध्ये काही काळ ओढाताण केली, सरकारी पगार लांबले, आणि डिसेंबरमध्ये डॉलरचा दर ११८२ दिनारांवरून १४५० वर न्यावा लागला. अर्थसंकल्पातला सर्वांत मोठा खर्च पगार-पेन्शनचा असेल तर दुसरा मार्ग फारसा राहत नाही.

अवमूल्यन होतं तेव्हा बँकांकडे पाहावं. अझरबैजानमध्ये २०१५ च्या सुरुवातीला डॉलर ०.७८ मनातला होता (मनात हे तिथलं चलन). फेब्रुवारीत १.०५ आणि डिसेंबरमध्ये १.५५ झाला. लोकांनी घरासाठी, गाडीसाठी डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं, कारण व्याज कमी होतं आणि मनातचा दर वर्षानुवर्षं हललेला नव्हता. पगार मनातमध्ये, हप्ता डॉलरमध्ये, आणि तो वर्षभरात दुप्पट. जानेवारी २०१६ मध्ये गावोगावी लोक रस्त्यावर आले. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेला २०१७ मध्ये परदेशी देण्यांची पुनर्रचना मागावी लागली. देशाकडे तेलनिधीत अब्जावधी डॉलर होते, तरी हे झालं. स्थिर दिसणारा दर लोकांना डॉलरचं कर्ज घ्यायला उद्युक्त करतो, हा धोका निधीच्या आकड्यांत दिसत नाही.

आता नॉर्वे. तिथे तेल १९६९ मध्ये सापडलं, तेलाचा पैसा साठवायच्या निधीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि निधीत पहिली रक्कम १९९६ मध्ये पडली. म्हणजे आधी वीस-पंचवीस वर्षं त्यांनीही तेलाचा पैसा खर्चच केला, हे लोक विसरतात. २००१ पासून नियम असा, की निधीतून वर्षाला साधारण ४ टक्केच काढायचे. २०१७ मध्ये ते ३ टक्के केले. निधीचा सगळा पैसा देशाबाहेर गुंतवलेला असतो. मला यातली खरी हुशारी बचतीपेक्षा "देशाबाहेर" यात दिसते. पैसा आत येतच नाही, तेव्हा मजुरी आणि घरं महाग करायलाही तो उरत नाही. २०१४ नंतर तेल उद्योगाचं शहर असलेल्या स्टाव्हांगरमध्ये कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली, तिथलं चलन क्रोन घसरलं, पण सरकारी खर्चाची घडी विस्कटली नाही. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने प्रथमच निधीत भर टाकण्याऐवजी त्यातून उचल केली आणि काम भागवलं. हे करणारा देश तेलाआधीच श्रीमंत होता, कर नीट गोळा करत होता आणि लोकसंख्या होती जेमतेम ५० लाख. "नॉर्वेसारखं करा" हा सल्ला मी कोणालाच देत नाही.

कायदा कॉपी करणं सोपं असतं. व्हेनेझुएलाने १९९८ मध्ये स्थिरीकरण निधी काढला, मग त्याचे नियम पुन्हा पुन्हा बदलले आणि २०१४ ची घसरण आली तेव्हा त्यात वापरण्याजोगं काही नव्हतं. नायजेरियाने २००४ मध्ये जादा महसुलाचं खातं उघडलं. २००८ च्या शेवटी त्यात सुमारे २० अब्ज डॉलर होते. दोन वर्षांत ४ अब्जांपेक्षाही कमी उरले, आणि तेव्हा भाव पुन्हा चढलेला होता! कारण राज्यघटनेनुसार तेलाचा महसूल केंद्र, राज्यं आणि स्थानिक संस्थांत वाटायचा असतो. साठवलेल्या पैशातला आपला वाटा राज्यपालांनी (तिथे ते निवडून येतात) मागितला, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं सहज खोडता येण्यासारखं नव्हतं. ज्याला पुढची निवडणूक जिंकायची आहे आणि साठवलेला पैसा आपला प्रतिस्पर्धी उडवणार अशी खात्री आहे, तो आजच खर्च करतो. त्याला बेअक्कल म्हणण्यात अर्थ नाही. घानाने २०११ मध्ये चांगला कायदा केला, सात वर्षांच्या सरासरी भावावर महसूल ठरवणारा. पण एका हाताने निधीत टाकताना दुसऱ्या हाताने महागडं परदेशी कर्ज उचललं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बऱ्याचशा परदेशी कर्जाची फेड थांबवली. कर्जावर बंधन नसेल तर बचतीचा नियम निरुपयोगी ठरतो.

गरीब नाही पण नॉर्वेइतका श्रीमंतही नाही, अशा देशाने काय करावं याचं उदाहरण मी तेलाबाहेरून देतो: चिली, तांबं. तिथे २००१ पासून अर्थसंकल्प तांब्याच्या चालू भावावर न बांधता दीर्घकालीन भावावर बांधतात, आणि तो भाव सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती ठरवते. अर्थमंत्र्याच्या हातात भावाचा अंदाज नसणं हे सगळ्यात मोलाचं. भाव चढत असताना अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को पैसा साठवून ठेवत होते, आणि २००८ मध्ये मोर्चेकऱ्यांनी त्यांचा पुतळा जाळण्यापर्यंत राग गेला. २००९ च्या सुरुवातीला, जग मंदीत असताना, त्यांनी त्याच साठ्यातून ४ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं आणि ते एकदम लोकप्रिय झाले. तोपर्यंत खुर्ची टिकली म्हणून हे दिसलं.

विम्याचाही मार्ग आहे. मेक्सिको दरवर्षी ठरावीक भावाला तेल विकण्याचा हक्क बाजारातून विकत घेतो, त्यासाठी वर्षाला साधारण अब्ज डॉलर मोजतो, आणि भाव पडला तर फरक वसूल करतो. २००९ मध्ये सुमारे ५ अब्ज आणि २०१५ मध्ये ६ अब्जांहून जास्त मिळाले. तरी थोडेच देश हे करतात. विम्याचा हप्ता वाया गेलेल्या वर्षी संसदेत उत्तर देणं अवघड असतं, आणि न घेतलेल्या विम्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. शिवाय हा विमा एक वर्ष पुरतो; घसरण दोन-तीन वर्षं चालली तर पुढच्या वर्षीचा विमा पडलेल्या भावावरच मिळतो.

जाता जाता: २० एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला होता, त्याबद्दल अजून विचारलं जातं. ती मुदत संपत आलेल्या एका करारापुरती, साठवायला जागा नसल्यामुळे झालेली गंमत होती. बहुतेक निर्यातदारांचं तेल ब्रेंटसारख्या भावांवर विकलं जातं, त्यांच्या अर्थसंकल्पाला त्या दिवसाने फारसं काही केलं नाही. त्या महिन्यात मागणीच नाहीशी झाली, त्याने केलं.

याउलट भाव चढूनही हाती काही न लागणं शक्य आहे. २०२२ मध्ये तेल १०० डॉलरच्या वर असताना नायजेरियाच्या राष्ट्रीय तेल कंपनीकडून सरकारच्या सामायिक खात्यात बहुतेक महिने जवळजवळ काहीच आलं नाही. देश कच्चं तेल विकतो, पण तेव्हा पेट्रोल आयात करत होता आणि ते स्वस्तात विकत होता. भाव चढला तसं अनुदानही चढलं. त्यात चोरी आणि गळतीमुळे उत्पादन काही महिने रोज १० लाख पिंपांच्या खाली गेलं. भावाचा आलेख एवढाच पाहून कोणी "निर्यातदार देशांची चांदी" म्हणत असेल तर त्याला पिंपं मोजायला सांगावं.

एखादा तेलावर जगणारा देश पुढच्या घसरणीत टिकेल का, हे पाहायचं तर मी भावाचे अंदाज वाचत नाही. कोणता भाव मिळाला तर अर्थसंकल्प तुटीशिवाय उभा राहतो, तो आकडा पाहतो. त्यातही तो दर वर्षी वर सरकतो आहे का हे. नाणेनिधी बहुतेक आखाती आणि मध्य आशियाई देशांसाठी तो छापतो. मग सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांतलं अंतर. मग कंत्राटदारांची थकलेली बिलं, कारण सरकार रोखे फेडायचं थांबवण्याच्या बरेच महिने आधी रस्ते बांधणाऱ्याचे पैसे थांबवतं, आणि ही थकबाकी तुटीच्या अधिकृत आकड्यात सहसा येत नाही. मग गंगाजळीतून आधीच गहाण पडलेला भाग वजा केल्यावर काय उरतं ते.

सध्या या नजरेने पाहण्याजोगा देश दक्षिण अमेरिकेतला गयाना आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे पहिलं तेल निघालं, २०२२ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात ६० टक्क्यांहून जास्त वाढली, आणि लोकसंख्या आहे सुमारे ८ लाख. निधीचा कायदा तेल निघण्याआधीच, २०१९ मध्ये झाला होता. २०२१ मध्ये तो बदलून नवा आणला, आणि २०२४ मध्ये निधीतून जास्त रक्कम काढता यावी म्हणून सूत्र पुन्हा सैल केलं. पूल आणि रस्ते त्यांना खरोखर हवे आहेत, त्यामुळे यात वावगंच आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत पाहायचं असेल तर गयाना सरकारचा दरवर्षीचा अर्थसंकल्प उघडा आणि तेलाचा भाव बाजूला ठेवून पगार, अनुदानं आणि निधीतून काढलेली रक्कम हे तीन रकाने सलग लावून पाहा.